शिव्यांचा धनी

30 जुलै 1930 रोजी मॉन्टेव्हिडिओत फुटबॉलच्या पहिल्यावहिल्या वर्ल्डकपची फायनल होती. यजमान उरुग्वे आणि नदीपलीकडचे शेजारी अर्जेंटिना. पंच म्हणून बेल्जियमच्या जॉन लांगेनुस यांना विचारण्यात आलं. त्यांनी अटी घातल्या. माझ्या जिवाची हमी द्या, आणि सामना संपल्यापासून तासाभरात सुटेल अशी बोट बंदरात तयार ठेवा. मैदान किती बाय किती, गवत किती उंच, असले किरकोळ प्रश्न त्यांनी नंतरसाठी राखून ठेवले असावेत. वर्ल्डकपची फायनल तोवर जगात एकदाही खेळली गेली नव्हती, पण ती संपल्यावर पंचाने पळायचं असतं हे पंचाला आधीच ठाऊक होतं.

लांगेनुस मैदानात उतरले ते कोट, टाय आणि गुडघ्याशी आवळलेली ढगळ विजार अशा थाटात. उतरताच पहिला खटला समोर आला: चेंडू कोणाचा? दोन्ही देशांनी आपापला चेंडू आणला होता आणि दुसऱ्याच्या चेंडूला पाय लावायला कोणी राजी नव्हतं. शेवटी पहिल्या डावाला अर्जेंटिनाचा चेंडू आणि दुसऱ्याला उरुग्वेचा, अशी वाटणी झाली. मध्यंतराला अर्जेंटिना 2-1ने पुढे होता, सामना संपला तेव्हा उरुग्वे 4-2ने जिंकला होता. ज्याचा चेंडू त्याची सरशी. याहून न्याय्य कारभार पंचाच्या हातून पुन्हा झाला असेल असं मला वाटत नाही. तरीही बोट सांगून ठेवली हे बरंच झालं, कारण पलीकडे ब्यूनस आयर्समध्ये लोकांनी उरुग्वेच्या वकिलातीवर दगडफेक केली.

त्याच वर्ल्डकपमध्ये अर्जेंटिना-फ्रान्स सामन्यात ब्राझीलच्या पंचांनी शेवटची शिट्टी सहा मिनिटं आधीच फुंकली. फ्रान्स एका गोलने मागे होता आणि त्यांचा गडी नेमका गोलच्या दिशेने सुटलेला. मग आरडाओरडा, मग घड्याळाची तपासणी, मग मैदानातून निघालेल्या खेळाडूंना माघारी बोलावणं. उरलेली सहा मिनिटं खेळवली गेली, गोल काही झाला नाही. वर्ल्डकप तेव्हा जेमतेम दोन-तीन दिवसांचा होता. पंचांच्या नावाने शंख करायची परंपरा त्याच्याही आधीची असल्याने तिला बाळसं धरायला वेळ लागला नाही.

खरं तर हा खेळ जन्मला तेव्हा पंच नव्हताच. 1863 साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशनने पहिले नियम लिहिले, त्यांत पंचाचा उल्लेखही नाही. खेळणारे सगळे बड्या शाळांतून शिकलेले. सभ्य गृहस्थ मुद्दाम फाउल करतीलच कसे, आणि चुकून झालाच तर स्वतःहून थांबणार नाहीत का, असा तो भाबडा काळ. भाबडेपणा फार टिकला नाही. मग दोन्ही संघांनी आपापला एकेक अंपायर द्यायचा, असं ठरलं. आपल्या गल्लीत क्रिकेट खेळताना बॅटिंगवाल्यांचाच पोरगा अंपायर असतो आणि विटा पडल्याशिवाय कोणी आउट होत नाही, तोच कारभार, फक्त दाढीमिशा वाढलेल्या माणसांचा. दोघांचं एकमत होणं कठीणच, म्हणून मैदानाबाहेर एक तिसरा माणूस उभा केला. भांडण सुटलं नाही तर त्याला विचारायचं. तो बाहेर, शांतपणे, बहुधा हवापाण्याच्या गप्पा मारत उभा. पंचाच्या इतिहासातला सुखाचा काळ तो एवढाच. 1891मध्ये या माणसाला मैदानाच्या मध्यभागी आणून सगळे अधिकार त्याच्या हाती दिले आणि त्या दोन अंपायरांना झेंडे देऊन रेषेवर पाठवलं. पेनल्टी किकही त्याच वर्षी नियमांत आली. म्हणजे माणूस आणि त्याला शिव्या घालायचं कारण हे दोघे एकाच गाडीने उतरले.

तेव्हापासून भांडण मिटावं म्हणून पंचाच्या हातात काही ना काही दिलं जात आहे. शिट्टी झाली, कार्ड झाली, फ्री किकच्या भिंतीपुढे मारायचा तो दाढीच्या फेसासारखा फवारा झाला, कानातलं यंत्र झालं, आता व्हिडिओ. आणि प्रत्येक नव्या अवजाराबरोबर भांडायला एक नवा विषय मिळाला आहे. फेस तर मिनिटाभरात विरून जातो. पण तो कोणाच्या डोक्यातून निघाला आणि पैसे कोणाला, हा वाद कोर्टात गेला आणि वर्षानुवर्षं विरला नाही.

कार्डांची गोष्ट जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे. केन ॲस्टन नावाचे एक इंग्लिश शिक्षक होते. शाळेत पोरं सांभाळायची सवय असलेल्या माणसाला 1962च्या वर्ल्डकपमध्ये चिली-इटली सामना सांभाळायला दिला. इटलीच्या पत्रकारांनी चिलीबद्दल आधीच वाटेल ते लिहून ठेवलं होतं, त्यामुळे सँटियागोचं स्टेडियम तापलेलं. पहिला फाउल बाराव्या सेकंदाला झाला. आठव्या मिनिटाला ॲस्टन यांनी इटलीच्या फेरिनीला बाहेर काढलं. फेरिनी जाईना. शेवटी पोलीस आले आणि त्याला घेऊन गेले. पुढे नाकं फुटली, लाथा चालल्या, पोलीस पुन्हा येत राहिले. दोन इटालियन बाहेर गेले, चिली 2-0ने जिंकला, आणि इतिहासात या सामन्याची नोंद 'सँटियागोची लढाई' अशी झाली. शाळेतल्या शेवटच्या बाकावरची पोरं ॲस्टनसरांना नंतर किती सोज्वळ वाटली असतील!

चार वर्षांनी वेम्बलीत इंग्लंड-अर्जेंटिना. पंच जर्मन, रुडॉल्फ क्राइटलाइन. अर्जेंटिनाचा कर्णधार रातीन सतत काहीतरी बोलत होता. क्राइटलाइनना स्पॅनिश येत नव्हतं, पण बोलणं कौतुकाचं नाही एवढं त्यांनी ओळखलं आणि त्याला बाहेर काढलं. रातीन म्हणाला, दुभाष्या आणा. दुभाष्या नव्हता. रातीन कितीतरी मिनिटं हलला नाही, हलला तेव्हा जाऊन राणीसाठी अंथरलेल्या लाल गालिच्यावर बसला. यावरही कडी म्हणजे, दुसऱ्या दिवशी इंग्लंडच्या जॅक चार्लटनना वर्तमानपत्र वाचून कळलं की काल पंचांनी आपल्यालाही ताकीद दिली होती. मैदानात हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. इंग्लंडच्या व्यवस्थापकांनी फिफाला विचारणा केली, बाबांनो, नक्की काय झालं ते तरी सांगा.

ॲस्टन तेव्हा पंचांच्या समितीवर होते. या सगळ्याचा विचार करत गाडी चालवत असताना केन्सिंग्टन हाय स्ट्रीटवर त्यांना सिग्नल लागला. पिवळा, मग लाल. पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे थांब. भाषा कोणतीही असो, सगळ्यांना समजेल! 1970च्या मेक्सिको वर्ल्डकपपासून कार्ड आली. कल्पना उत्तमच, पण ती लंडनच्या सिग्नलवर सुचली हे विसरता कामा नये. ॲस्टनसाहेबांनी कधी पुण्यात गाडी चालवली असती तर पिवळ्याचा अर्थ 'वेग वाढवा' असा होतो आणि लालचा अर्थ 'मामा आहे का बघा', हे त्यांच्या लक्षात आलं असतं. बहुसंख्य फुटबॉलपटू या बाबतीत पुणेकर आहेत. 2010च्या फायनलमध्ये हॉवर्ड वेब यांनी 14 पिवळी कार्ड दाखवली. स्पेनच्या झाबी आलोन्सोच्या छातीवर नेदरलँड्सच्या नायजेल डी याँगने बूट रोवला, त्यालाही पिवळंच, कारण वेब यांच्या नजरेआड दुसरा खेळाडू आला होता. वेब हे पूर्वी इंग्लंडमध्ये पोलीस सार्जंट होते, म्हणजे गर्दीत नेमकं दिसत नाही, याचा अनुभव जुनाच असणार.

आणि 2006च्या वर्ल्डकपमध्ये पंच ग्रॅहम पोल यांनी क्रोएशियाच्या योसिप शिमुनिचला ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या एकाच सामन्यात तीन पिवळी कार्ड दाखवली. दोन पिवळी म्हणजे लाल, हे पोलना माहीत नव्हतं असं नाही. दुसरं कार्ड त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या तीन नंबरच्या नावावर लिहिलं. शिमुनिचचाही नंबर तीनच. त्यातून तो जन्मला कॅनबेरात आणि इंग्रजी बोलायचा ऑस्ट्रेलियन धाटणीने. क्रोएशियाचा माणूस पक्क्या ऑस्ट्रेलियन उच्चारात हुज्जत घालत असेल तर त्याला ऑस्ट्रेलियाच्या खात्यात टाकणं ही कारकुनी चूक म्हणून एखाद्या सरकारी कचेरीत सहज खपली असती. पोल यांची मात्र आंतरराष्ट्रीय स्पर्धांतली कारकीर्द तिथेच संपली. शिमुनिच पुढे खेळत राहिला. गुन्हेगाराला एक कार्ड जास्त मिळालं आणि बडतर्फ झाला न्यायाधीश.

ती तारीख होती 22 जून. बरोबर वीस वर्षांपूर्वी, 22 जून 1986 रोजी, मेक्सिको सिटीत मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध हाताने गोल केला होता. तेव्हाचे पंच ट्युनिशियाचे अली बेननासर. त्यांना हात दिसला नाही, त्यांनी रेषेवरच्या बल्गेरियन सहायकाकडे पाहिलं, सहायकाने झेंडा वर केला नाही. झालं. हात घातला मॅराडोनाने आणि जन्मभर जाब द्यावा लागला या दोघांना. मॅराडोना मात्र 2015मध्ये ट्युनिशियाला बेननासर यांच्या घरी जाऊन भेटला, सही केलेला शर्ट देऊन आला. सामन्याचा चेंडू पंचांकडेच राहिला होता, 2022मध्ये त्याचा लिलाव झाला आणि सुमारे 20 लाख पौंड आले. चुकीच्या निर्णयाचा मोबदला एखाद्या पंचाला इतक्या उघडपणे, पावतीसकट आणि कायदेशीर मार्गाने मिळाल्याचं दुसरं उदाहरण नाही.

ओरडून काय उपयोग, पंच थोडाच ऐकतो, असं समजूतदार लोक म्हणतात. समजूतदार लोकांचं बऱ्याचदा असंच चुकतं. 2002मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी चाळीस प्रशिक्षित पंचांना लिव्हरपूल-लेस्टर सामन्याची चित्रफीत दाखवली. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासकट, काहींना मुकी. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे 15 टक्के कमी फाउल दिले. म्हणजे पंच बसलेत एका खोलीत, समोर टीव्ही, जिवाला धोका शून्य, तरी लिव्हरपूलच्या ॲनफील्ड मैदानावरच्या लोकांचा गलबला कानावर पडला की हात आखडतो. स्पेनमधल्या सामन्यांच्या नोंदींतून अर्थतज्ज्ञांना दिसलं की यजमान एका गोलने मागे असतील तर जादा वेळ सढळ मिळतो आणि पुढे असतील तर आटोपता घेतला जातो. कोरोनाच्या काळात युरोपातली स्टेडियमं रिकामी झाली तेव्हा यजमानांना मिळणारी सवलतही आटली. हा शोध फार घातक आहे. आजवर आपण निष्काम भावनेने ओरडत होतो, आता त्याला फळ आहे असं सिद्ध झालं.

माणूस चुकतो, म्हणून यंत्र आणलं. व्हीएआर. खोलीत बसलेले पंच पडद्यावर सगळं पाहणार आणि मैदानावरच्याला कानात सांगणार. 30 सप्टेंबर 2023 रोजी टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुइस डियाझने गोल केला. रेषेवरचा झेंडा वर गेला: ऑफसाइड. खोलीतल्यांनी रेघा मारून तपासलं, गोल अगदी बरोबर होता. पण मैदानावर गोल दिला आहे अशी त्यांची समजूत. म्हणून त्यांनी सांगितलं, तपासणी पूर्ण, निर्णय योग्य. मैदानावरच्याने ऐकलं, निर्णय योग्य, म्हणजे ऑफसाइड. खेळ सुरू. खोलीत यंत्र चालवणाऱ्याच्या ध्यानात आलं की काहीतरी विपरीत घडलंय, आणि तिथे जी घबराट उडाली तिचं ध्वनिमुद्रण नंतर जाहीर झालं. खेळ एकदा सुरू झाल्यावर मागे जाता येत नाही असा नियम. लिव्हरपूल जादा वेळात स्वतःच्याच गोलात चेंडू मारून हरले. लक्षात घ्या, या प्रकरणात एकाही माणसाचं पाहण्यात चुकलं नव्हतं, झेंडेवाल्याचा थोडा अपवाद सोडला तर. चुकलं ते बोलण्यात. रातीनला 1966मध्ये दुभाष्या हवा होता, तो 2023मध्ये एकच भाषा बोलणाऱ्या दोन इंग्रजांनाही लागला असता.

आपल्याकडे व्हीएआर नव्हतं म्हणून काही अडलं नाही. 3 मार्च 2023 रोजी बंगळुरूत आयएसएलच्या बाद फेरीत सुनील छेत्रीने केरळ ब्लास्टर्सची भिंत उभी राहण्याआधीच फ्री किक मारली. चेंडू जाळ्यात. पंचांनी गोल दिला. केरळचे सर्बियन प्रशिक्षक संतापले आणि अख्खा संघ मैदानातून घेऊन गेले. पंच थांबले, संघ आला नाही, बंगळुरू जिंकलं. फेडरेशनने केरळच्या क्लबला 4 कोटी रुपयांचा दंड केला. लग्नात रुसून मांडवाबाहेर गेलेल्याला परत आणायला निदान कोणी जातं तरी. इथे थेट बिलच पाठवलं. त्याच वर्षी डिसेंबरात अंधेरीच्या मैदानावर मुंबई सिटी-मोहन बागान सामन्यात सात लाल कार्ड निघाली, मुंबईची चार आणि पाहुण्यांची तीन. मुंबईकरांनी पाहुणचारात हात आखडला नाही, स्वतःलाही वाढून घेतलं.

इथपर्यंत हसायला ठीक आहे. पण 2023च्याच डिसेंबरात, 11 तारखेला, अंकारात शेवटच्या क्षणी बरोबरीचा गोल झाला म्हणून यजमान क्लबचा अध्यक्ष मैदानात धावला आणि त्याने हलील उमुट मेलेर या पंचाच्या तोंडावर ठोसा मारला. पंच खाली पडल्यावर इतरांनी लाथा घातल्या. तुर्कस्तानने सगळे लीग सामने थांबवले, अध्यक्षाला अटक झाली, पुढे शिक्षाही. 2012मध्ये नेदरलँड्समध्ये मुलाच्या सामन्यात हौसेने झेंडा धरून उभा असलेला एक बाप पोरांच्या मारहाणीनंतर मेला. त्यावर कुठला विनोद करणार? स्वीडनच्या आंदेर्स फ्रिस्क यांनी 2005मध्ये जिवे मारण्याच्या धमक्यांमुळे शिट्टी कायमची खाली ठेवली. 2023मध्ये इंग्लंडच्या काही स्थानिक लीगमध्ये पंचांच्या छातीवर कॅमेरे बांधून पाहायला सुरुवात झाली. गोल झाला की नाही हे पाहायला नव्हे, पंचाला कोणी मारलं ते पाहायला. निर्णयाशी काडीचा संबंध नसलेलं पंचाचं हे पहिलंच अवजार. मेलेर मात्र सहा महिन्यांनी युरो 2024मध्ये शिट्टी घेऊन उभे होते.

अशा नोकरीला माणसं मिळतात कुठून, हे मला पडलेलं कोडं आहे. जर्मनीचे मार्कुस मेर्क, युरो 2004च्या फायनलचे पंच, पेशाने दंतवैद्य होते. समोरचा माणूस तोंडाचा आ करून किंचाळत असताना शांतपणे आपलं काम करत राहायचं, याचा सराव त्यांना दवाखान्यात झाला असेल, हे समजू शकतं. नेदरलँड्सचे ब्योर्न काउपर्स सुपरमार्केट चालवत. गिऱ्हाइकापुढे पंचगिरी म्हणजे विश्रांतीच. पण बाकीच्यांचं काय? आपल्याकडचे कितीतरी पंच नोकरी सांभाळून, रजा टाकून, उन्हात दहा-बारा किलोमीटर पळतात. गोव्याच्या उवेना फर्नांडिस आधी खेळल्या आणि मग फिफाच्या सहायक पंच झाल्या. आणि भारताचा संघ पुरुषांच्या वर्ल्डकपला आजवर खेळलेला नाही हे सगळे हळहळून सांगतात, पण 2002च्या वर्ल्डकपमध्ये कोमलेश्वरन शंकर हे भारतीय सहायक पंच होते हे कोणी सांगत नाही. वर्ल्डकपच्या मैदानावर भारतीयाने झेंडा फडकवला, फक्त तो ऑफसाइडचा होता.

महाराष्ट्रात पंचाची खरी कसोटी पाहायची तर कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर जावं. मैदानात उतरणाऱ्या संघांची नावं पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम अशी. चिठ्ठीवर हे वाचून बाहेरगावच्या पंचाला आपण कुस्तीला आलो की फुटबॉलला, अशी शंका येणं साहजिक आहे. मॅच दोन संघांत नसते, दोन पेठांत असते, आणि पेठेत कोणी तटस्थ जन्माला येत नाही. सव्वा मीटर अंतरावर उभ्या असलेल्या पंचाला जे दिसत नाही ते गॅलरीतल्या शेवटच्या पायरीवर, पुढच्याच्या टोपीआडून, शेंगा सोलता सोलता स्वच्छ दिसतं. "हँड हाय! हँड हाय की रं!" असा पुकारा एका बाजूने होतो तेव्हा दुसरी बाजू तितक्याच खात्रीने "छाती हाय, छाती!" म्हणते. दोन्हीकडे चारपाच हजार साक्षीदार, सगळे प्रत्यक्षदर्शी.

मागच्या एका हंगामात माझ्या शेजारी एक साठीचे काका बसले होते. धोतर नाही, पँट-शर्टच, पण आवाज तालमीतला. नियम त्यांना मुखपाठ. ऑफसाइड कधी धरायचा, ॲडव्हान्टेज कधी द्यायचा, गोलकीपरने चेंडू किती सेकंद धरायचा, सगळं पंचाच्या आधी जाहीर करत होते. "डोळं घरात ठिवून आलाय व्हय रं?" हा प्रश्न त्यांनी पहिल्या हाफमध्ये इतक्यांदा विचारला की पंचाने एकदा तरी खुलासा करायला हवा होता. मध्यंतराला त्यांनी मला शेंगा दिल्या आणि तिसऱ्या मिनिटाचा फाउल कसा चुकीचा होता ते दोन शेंगा आणि एका टरफलाच्या मदतीने मांडून दाखवलं. खरं सांगायचं तर पटण्यासारखं होतं.

मी म्हटलं, "काका, तुम्हाला एवढं कळतं, तर पंचांची परीक्षा द्यायची होती. निदान पोरांच्या मॅचला तरी उभे राहा. पंच मिळत नाहीत म्हणतात."

काकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की आपण पलीकडच्या पेठेचे ठरलो की काय, असं मला वाटलं.

"अवो, कुठनं जमायचं?" ते म्हणाले. "मॅच असत्या की रोज!"